दुसरा दिवस अपवादांचा

मी एका सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. हे सांगितलं की लोक म्हणतात, वा, म्हणजे दिवसभर नुसतं वाचत बसायचं! मी हसतो. दिवसभर मी पंखेवाल्याला फोन करतो, सुटलेल्या पुठ्ठ्यांना खळ लावतो आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आधी कुणी पेनाने भरलं यावरून लागलेली भांडणं मिटवतो. अशा माणसाला वरच्या कार्यालयातून आदेश येतो की कॉपीराइट या विषयावर ग्रंथपालांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, हजर राहावं, आणि परत आल्यावर आपल्या भागातल्या ग्रंथपालांना तेच शिकवावं. माझ्याकडे आजवर कुणी काही शिकायला आलं नव्हतं. माझा मुलगासुद्धा गणित शेजारी जाऊन विचारत असे. त्यामुळे आदेश वाचून मी दोन दिवस जरा ताठच चालत होतो.

निघायच्या आधी सल्ले मिळाले. खालच्या मजल्यावरचे वकीलकाका, ज्यांची हयात भावाभावांच्या जमिनीच्या वाटण्यांत गेली, त्यांनी मला जिन्यात अडवून सांगितलं की कॉपीराइट म्हणजे पुस्तकाची जमीनच, कुंपण कुठे आहे तेवढं बघून ये. मेहुण्याने सांगितलं की अशा ठिकाणी दुपारचं जेवण बरं असतं, तेव्हा नाश्ता बेताचा कर. बायको म्हणाली, तिकडे कुकरचं अस्सल गॅस्केट मिळतं, ते आणा. तीन सल्ल्यांपैकी दोन मी तंतोतंत पाळले. वकीलकाकांचं जे झालं ते पुढे सांगतो.

शिकवायला एक बाई होत्या. किडकिडीत बांधा, हळू आवाज, पण त्या हळू आवाजात त्या आमची एकेक रोजची सवय गुन्ह्यात काढत होत्या. पुस्तक विकत घेतलं म्हणजे त्यातला मजकूर विकत घेतला असं होत नाही, हे त्यांचं पहिलंच वाक्य. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढता येत नाही. कुणाचंही चित्र उचलून सूचनाफलकावर लावता येत नाही. माझ्या शेजारचा एक ग्रंथपाल, ज्याच्या वाचनालयात परीक्षेच्या मार्गदर्शकाची एकच प्रत आणि झेरॉक्सचे गठ्ठेच्या गठ्ठे होते, तो फोन करून येतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मी मात्र भराभर लिहून घेत होतो. काय काय करता येत नाही याने माझी वही भरत चालली होती, आणि खरं सांगतो, मला मजा येत होती. इतकी वर्षं मी नुसता पुस्तकं देणारा माणूस होतो. आता मी नाही म्हणू शकणार होतो.

आता घोळ कुठे झाला ते बघा. प्रमाणपत्रं द्यायची होती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पण प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी कुठल्याशा पुलाचं उद्घाटन होतं. पूल पुढे ढकलता येत नाही, प्रमाणपत्रं अलीकडे ओढता येतात. म्हणून ती पहिल्याच संध्याकाळी वाटली. 'संपूर्ण प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल', खाली सही, शिक्का, सगळं यथासांग. हातात प्रमाणपत्र पडल्यावर कोण कशाला थांबतो? तरी मी प्रामाणिकपणे कार्यक्रमपत्रिका उघडून पाहिली. दुसऱ्या दिवसासमोर एकच शब्द होता: अपवाद. मी विचार केला, अपवाद म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट, आणि आमच्या वाचनालयात क्वचितसुद्धा काही घडत नाही. सकाळी गॅस्केट घेतलं आणि पहिली गाडी पकडली. गाडीत बघतो तर निम्मं प्रशिक्षण बसलेलं. एकमेकांची नजर चुकवत आम्ही सगळ्यांनी खिडकीबाहेरचं दृश्य फार बारकाईने पाहिलं.

परत आल्यावर मी कामाला लागलो. प्रमाणपत्र काचेत मढवून माझ्या खुर्चीमागे लावलं. झेरॉक्स मशीनला साखळी घातली आणि किल्ली खिशात ठेवली. सूचनाफलकावर नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रं असायची, ती काढून टाकली. तिथे आता 'नवीन पुस्तके आली आहेत' एवढंच लिहिलेलं होतं, कुठली ते आत येऊन विचारा. एका आजीबाईंना नातवासाठी एक कविता हाताने उतरवून घ्यायची होती, त्यांना मी अर्ज करायला सांगितलं. कसला अर्ज ते मलाही ठाऊक नव्हतं, पण त्या बिचाऱ्या घाबरून निघून गेल्या. आमचे कार्यवाह, म्हणजे वाचनालय चालवणाऱ्या मंडळाचे मुख्य, फार खूश झाले. येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून 'आमचे प्रशिक्षित ग्रंथपाल' म्हणायला लागले. त्या 'प्रशिक्षित' शब्दाची चटक लागते हो. आणि मग गाडी घड्याळजींपाशी येऊन थांबली.

घड्याळजी म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत राहणारे म्हातारे घड्याळदुरुस्तीवाले. उभ्या आयुष्यात त्यांनी डोळ्याला भिंग लावून इवलीशी चक्रं बसवली आणि म्हातारपणी नेमके डोळेच गेले. पूर्वीही म्हणे ते घड्याळ उघडण्याआधी कानाला लावायचे आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचे. डोळे गेल्यावर कानच राहिले. वाचायची आवड दांडगी, म्हणून माझी बायको दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून फोनवर पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि ते त्यांच्या छोट्या रेडिओसारख्या यंत्रात भरून द्यायची. त्यांची सूनबाई येऊन ते घेऊन जायची. किती पुस्तकं झाली त्याची गणती नाही. घड्याळजी निरोप पाठवायचे तेसुद्धा नेमके: कालच्या प्रकरणात बाईंना सर्दी होती, काढा घ्या म्हणावं.

त्या वेळी एक जाडजूड कादंबरी चालू होती. दोन भावांची. कुठल्याशा क्षुल्लक कारणावरून दोघं बोलेनासे होतात आणि मग बोलत नाहीत ते नाहीतच. एकाच नदीच्या दोन काठांवर दोघं म्हातारे होतात. फक्त शेवटचं प्रकरण उरलं होतं. थोरला नावेत बसून निघालेला, धाकटा काठावर उभा. तिथे मी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि बायकोला सांगितलं की हे बंद करावं लागेल. सबंध पुस्तकाची प्रत निघते आहे, मग ती कागदावर असो की आवाजात.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून प्रमाणपत्राकडे पाहिलं. मग फोन पर्समध्ये टाकला आणि घरी निघून गेली. रात्री जेवताना मी म्हणालो, अगं, नुसतं समोर बसून वाचून दाखवायलाही हरकत आहे, कारण त्यांच्याकडे सूनबाई ऐकते, वरच्या खोलीतला भाडेकरू ऐकतो, म्हणजे ते सार्वजनिक वाचन होतं. तर ती म्हणाली, हो का. बस्स. त्यानंतर घरात माझ्या वाट्याला कामापुरती वाक्यं यायला लागली. माझी आई जिवंत असती तर तीही तिच्याच बाजूने बोलली असती, हे मला आतून कळत होतं. पण नियम तो नियम.

मी काही दगड नाही. मीही ठरवलं की रीतसर परवानगी मिळवू आणि शेवटचं प्रकरण राजरोस ऐकवू. प्रकाशकाला पत्र लिहिलं. प्रकाशकाने कळवलं की हक्क लेखकाकडे आहेत. लेखक वारले होते. त्यांचे दोन मुलगे, आणि योगायोग असा की, बापाने अख्खी कादंबरी लिहूनही, ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला म्हणाला, धाकट्याने सही केली की मी करतो. धाकटा म्हणाला, थोरल्याने आधी करावी, मग बघू. थोरल्याला तसं कळवल्यावर तो म्हणाला, बघितलंत कसा आहे तो! आणि मला त्याने त्यांच्या घराच्या मधल्या भिंतीची हकिकत ऐकवली. मी वकीलकाकांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, वाटणीचा दावा लाव. मी म्हटलं, काका, मी कशावर वाटणीचा दावा लावू? ते म्हणाले, तू नाही रे, त्यांना लावायला सांग, पाच-दहा वर्षांत निकाल लागतो.

या सगळ्यात आठवडे गेले. मग एका दुपारी घड्याळजींची सूनबाई वाचनालयात आली. ती तशी बोलकी, पण त्या दिवशी माझ्या टेबलासमोर नुसती उभी राहिली. मी तिला परवानगीचं काम कुठवर आलंय ते सांगायला लागलो. तिने मध्येच थांबवलं.

"काका, आता त्यांचे कानही चाललेत," ती म्हणाली. "परवा म्हणाले, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, चावी दे. घड्याळ चालू होतं."

डॉक्टर काय म्हणतात, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले होते की कानाचं यंत्र लावून थोडे दिवस काढता येतील, पण हे उतरतच जाणार, थांबायचं नाही. रोज संध्याकाळी घड्याळजी ते छोटं यंत्र कानाला धरून बसायचे आणि आधीची प्रकरणं पुन्हा ऐकायचे, आवाज मोठा करत करत. सुनेला विचारायचे, बाई आजारी आहेत का? शेवटचं कधी देणार?

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तरीही मी तिला म्हणालो की लेखकाच्या धाकट्या मुलाचं उत्तर याच आठवड्यात यायला पाहिजे. माणूस एकदा प्रशिक्षित झाला की त्याचं असं होतं. ती निघून गेली. संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं, तर तिला ते आधीच माहीत होतं. ती रोज तिकडे जाऊन, आल्याचं त्यांना कळू न देता, सुनेपाशी नुसती बसून येत होती.

आणि त्याच आठवड्यात माझा प्रशिक्षक म्हणून पहिला दिवस उजाडला. आमच्या भागातले सगळे ग्रंथपाल वाचनालयाच्या मोठ्या खोलीत जमले. कार्यवाहांनी माझी ओळख इतकी लांबवली की चहा निवला. वरच्या कार्यालयातून देखरेखीला कुणीतरी येणार असं कळलं होतं. बघतो तर त्याच किडकिडीत बाई, शेवटच्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. मला स्फुरणच चढलं. मी नियम सांगितले, साखळी दाखवली, मोकळा सूचनाफलक दाखवला, आजीबाईंच्या अर्जाची हकिकत सांगितली. शेवटी म्हटलं, नुसते नियम नकोत, एक जिवंत उदाहरण देऊ. आणि मी घड्याळजींची गोष्ट सांगितली: दृष्टी गेलेला वाचक, घरच्याच माणसाने चालवलेलं ध्वनिमुद्रण, आणि तरीही ग्रंथपालाने मन घट्ट करून ते, आणि घरी जाऊन वाचून दाखवणंही, कसं थांबवलं. कार्यवाहांनी टाळी वाजवली. एकट्यानेच.

बाईंनी हात वर केला. त्याच हळू आवाजात त्यांनी विचारलं, "दुसऱ्या दिवशी आपण कुठे बसला होतात?"

मी घसा खाकरला. म्हणालो, प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी मिळालं होतं. खोलीतले बरेचजण एकाएकी आपापल्या चपला बघायला लागले. बाई उठल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच बोलल्या, आणि त्यांनी कुणाला लाजवण्यासारखं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही त्याच्यासाठी पुस्तक ऐकायच्या रूपात करून द्यायची कायद्यात मोकळीक आहे, त्या म्हणाल्या. त्याला कुणाची सही लागत नाही. कविता हाताने उतरवून घेणाऱ्या आजीला कुणी अडवलेलं नाही. शेजाऱ्याच्या घरी बसून त्याला पुस्तक वाचून दाखवणं याला कायद्यात नावच नाही, कारण त्याची कुणाला तक्रारच नाही. हे सगळं दुसऱ्या दिवशी होतं. पहिला दिवस कुंपणाचा, दुसरा फाटकाचा. "त्या दिवशी मी रिकाम्या खुर्च्यांना शिकवलं," त्या म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या.

माझ्या मागे भिंतीवर प्रमाणपत्र होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मला त्या घटकेला अपमान वाटायला हवा होता, आणि थोडा वाटलाही, मी काही संत नाही. पण सगळ्यात जास्त मला ते घड्याळजींच्या भिंतीवरचं घड्याळ आठवत होतं, चालू असलेलं. मी बाईंना म्हणालो, उरलेलं तुम्ही शिकवा, आणि कार्यवाह 'अहो, अहो' म्हणत असताना कपाटातून कादंबरी काढून निघालो.

आधी घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, चल, शेवटचं प्रकरण वाच. तिने चपला घातल्या, पण पुस्तक हातात घेतलं नाही.

"बंद तुम्ही केलंत," ती म्हणाली. "उघडायचंही तुम्हीच."

घड्याळजींची खोली वरच्या मजल्यावर, गल्लीकडे मोठी खिडकी. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर ते छोटं यंत्र. मी शेजारी स्टूल घेतलं आणि वाचायला लागलो. एक पान झाल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, कुणी आलंय का?

मी आवाज चढवला. त्यांनी कान पुढे केला. मी आणखी चढवला. आता थोडं पोचत होतं. ते मान हलवायला लागले. मग मला कळलं की हे प्रकरण ओरडूनच वाचावं लागणार. आणि ते प्रकरण कसलं? संध्याकाळची नदी, धुकं, वल्ह्याचा हलका आवाज. "नदीवर नीरव शांतता होती!" असं मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, आणि समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली. "थोरल्याचे डोळे नकळत ओलावले!" आणखी दोन खिडक्या उघडल्या. मला वाटलं, लोक आता शिव्या घालणार. पण एक बाई गॅलरीत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. शाळेतून येणाऱ्या दोघी खाली थांबल्या. भाडेकरू जिन्यात बसला. आमचे वकीलकाका फिरायला निघालेले, ते खिडकीखाली थांबले आणि वर बघून म्हणाले की हे सरळसरळ सार्वजनिक वाचन होतंय, मी आधीच सांगून ठेवतो. मग शेजारच्या दुकानातून त्यांनी एक खुर्ची मागून घेतली आणि बसले.

माझा घसा सोलवटून निघाला. बायको मधून मधून पाणी देत होती आणि मी अडखळलो की ओळीवर बोट ठेवत होती. नाव काठाला लागली. थोरला उतरला. इतक्या वर्षांनी समोरासमोर आलेले दोन म्हातारे, आणि काय बोलायचं ते कुणालाच सुचत नाही. शेवटी धाकटा तोंड उघडतो आणि एकच गोष्ट विचारतो. तिथे नेमका माझा आवाज बसला. ओठ हलले, बाहेर आली ती फक्त हवा.

"काय विचारलं धाकट्याने?" घड्याळजी म्हणाले. "मला ऐकू नाही आलं."

मी पुन्हा प्रयत्न केला. नाहीच. मी बायकोकडे पाहिलं. तिने पुस्तक बघितलं आणि खिडकीतून वाकून खाली काहीतरी सांगितलं. मग वकीलकाका खुर्चीवरून उठले, कोर्टात कमावलेला आवाज त्यांनी बाहेर काढला, आणि गल्लीतून ओरडून विचारलं, "जेवलास का?"

गॅलरीतली बाई म्हणाली, जेवलास का. शाळेच्या मुली म्हणाल्या, जेवलास का. ते सगळं मिळून खिडकीतून आत आलं.

घड्याळजींना ते ऐकू गेलं. मांडीवरचं यंत्र त्यांनी एकदा चाचपलं. मग म्हणाले, "एवढंच विचारायचं होतं, तर इतके दिवस कशाला थांबला?"

ते धाकट्याबद्दल बोलत होते. मला ते माहीत आहे. पण ते वाक्य मी स्वतःवरच घेतलं. काही आठवड्यांपूर्वी त्यांना माझ्या बायकोची सर्दीसुद्धा ऐकू येत होती. हीच ओळ त्यांना तिच्या आवाजात, हळू, जशी लिहिली आहे तशी ऐकता आली असती. ते आता कुणालाच परत देता येणार नव्हतं.

मी वाकून त्यांच्या कानाशी गेलो आणि बसक्या आवाजात म्हणालो, माझं चुकलं, घड्याळजी.

"काय?" ते म्हणाले.

बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. मी दोन घोट घेतले, घसा मोकळा केला, आणि जितका होता नव्हता तितका सगळा जोर लावून ते पुन्हा म्हणालो. या वेळी त्यांनी मान हलवली. खालच्या गल्लीनेही ते ऐकलं. वकीलकाका खालून म्हणाले, हे मात्र सार्वजनिक करायलाच हवं होतं.